सासूबाईंना सिनेमा दाखवणारी

टाचणीला सिनेमाची अजिबात आवड नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लग्न होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच सासूबाई तिला मोठ्या हौसेने थिएटरात घेऊन गेल्या, तर पडद्यावरच्या पाट्या संपायच्या आत सूनबाईंची मान खाली. मध्यंतराला सासूबाईंनी कोपराने ढोसलं, तेव्हा दचकून उठली आणि विचारते कशी, "संपला का?" ही गोष्ट पुढे वीस वर्षं घरात आल्यागेल्याला ऐकवली जात असे.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जिन्याखालच्या बोळकांडीत तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँटची उंची कमी करायची, कोट सैल करायचा, तुटलेली चेन बदलायची, अशी सगळी कामं. कामात असली की ओठांत तीन टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं म्हणजे एक "हूं" आणि एक "उंहूं". गिऱ्हाइकांनी नाव पाडलं ते घरापर्यंत पोचलं. नवरा पाण्याचे मीटर वाचत दिवसभर गल्लोगल्ली फिरायचा, तोही तिला लाडात आला की टाचणीच म्हणायचा.

सासूबाईंचं सगळं उलट. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात त्यांची तीस वर्षं गेली आणि त्या तीस वर्षांत एकही आठवडा सिनेमाशिवाय गेला नाही. त्यांच्या लेखी जगात तीनच प्रकारचे पिक्चर होते: रडायचे, पळायचे आणि उडायचे. घराघरातली दुःखं दाखवणारे ते रडायचे. डोंगर, जंगल, समुद्र, पाठलाग असलेले ते पळायचे. आणि दुसऱ्या ग्रहावर, नाहीतर दोनशे वर्षं पुढच्या काळात नेणारे ते उडायचे. कुठला पिक्चर बघण्यासारखा, याचीही त्यांची कसोटी ठरलेली होती. "दुसऱ्या दिवशी भांडी घासताना जो आठवतो, तो चांगला. बाकीच्यांत नुसती वीज जाळलेली."

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. पण तो कळला फार उशिरा. सुरुवातीला त्या थिएटरातून आल्या की कुरकुरायच्या, "पडदा लहान केलाय वाटतं मेल्यांनी. कडेचं काही दिसतच नाही." पडदा होता तेवढाच होता. डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर आता परत येणार नाही, उरलेली टिकवायचा प्रयत्न करू. प्रयत्न झाले, पण वर्षभरात उजेड आणि अंधार एवढंच काय ते कळायचं राहिलं.

सासूबाईंनी रडारड केली नाही. घरातल्या घरात चाचपडत सगळं करायला शिकल्या, चहासुद्धा स्वतः करून घ्यायच्या. पण सिनेमाचं नाव काढणं त्यांनी बंद केलं. खिडकीशी खुर्ची टाकून बसायच्या. जेवण अर्ध्यावर आलं. मुलाने रेडिओ लावला की म्हणायच्या, "बंद कर ते. डोकं दुखतं."

एक दिवस शेजारीण त्यांचं मन रमवायला आली. नुकताच बघून आलेला पिक्चर तिने सांगायला घेतला. "तो जातो बघा. ती राहते. मग तो येतो. मग ती जाते."

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "पिक्चर सांगताय की बसचं वेळापत्रक?"

शेजारीण हसत हसत निघून गेली. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि त्यांची हनुवटी थरथरायला लागली. टाचणी तिथेच जमिनीवर बसून एका पँटला काठ घालत होती. तिने ते पाहिलं. ओठांतल्या टाचण्या एक एक करून काढल्या, मनगटावरच्या लहानशा उशीला खोचल्या आणि म्हणाली, "उठा. चपला घाला. गुरुवारी माझं दुकान बंद असतं. तीनचा खेळ आहे."

"मी तिथे येऊन काय करू?"

"तुम्ही बसा. मी सांगते."

"तू? तुझ्या तोंडून दिवसाला चार शब्द निघत नाहीत!"

"साठलेत तेवढे," टाचणी म्हणाली.

पिक्चर रडायचा होता. दोन भाऊ आणि त्यांचा बंद पडलेला छापखाना. अंधार झाला तशी टाचणी सासूबाईंच्या कानाशी लागली.

"एक माणूस आलाय."

"कसा आहे?"

"माणसासारखा आहे."

"अगं बाई! कसा म्हणजे काय घातलंय, कसा उभा आहे, काहीतरी सांगशील की नाही?"

टाचणीने पडद्याकडे पाहिलं. माणूस कसा आहे ते सांगायचं म्हणजे काय, हे तिला उमजेना. मग तिची नजर सवयीने कपड्यांवर गेली. "कोट घातलाय. त्याच्या मापाचा नाही. खांदे दोन बोटं खाली उतरलेत. बाह्या आत दुमडून नुसत्या टाचल्यात, शिवलेल्या नाहीत."

सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "बापाचा कोट! बाप गेलाय त्याचा. आणि बाह्या शिवून द्यायला घरात कुणी नाही."

वीस मिनिटांनी पडद्यावर नेमकं तेच उलगडलं. बाप वारला होता, धाकट्याने त्याचा कोट उचलला होता आणि थोरल्याला त्याचा राग होता. टाचणी तोंडाचा आ करून बघतच राहिली. एका कोटात एवढं सगळं असतं, आणि न बघणाऱ्या बाईला ते आधी कळतं! त्या दिवशी तिची झोप उडाली ती कायमची.

पुढच्या रांगेतल्या एका टकलू गृहस्थाने दोनदा वळून "शू:" केलं होतं. तिसऱ्यांदा वळला तेव्हा टाचणीने जीभ चावली. तो म्हणाला, "बाई, जरा मोठ्याने सांगा. मला तो कोट दिसलाच नव्हता."

पण सगळेच काही असे नसतात. दुसऱ्या आठवड्यात तक्रार झाली आणि दोघींना मॅनेजरसमोर उभं राहावं लागलं. मॅनेजर किडकिडीत माणूस, मुळात हळू बोलणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं. सासूबाईंना म्हणाला, "आजी, तुम्ही आमच्याकडे किती वर्षं येताय?"

"तू शाळेत जात नव्हतास तेव्हापासून."

"मग असं करा. गुरुवारी तीनला बाल्कनी रिकामीच असते. डावा कोपरा तुमचा. तिथे काय बोलायचं ते बोला."

असा त्यांना कोपरा मिळाला. दर गुरुवारी दोघी जायच्या. रडायचे पिक्चर टाचणीला लवकर जमले, कारण त्यात माणसं बराच वेळ एका जागी बसतात. पळायच्या पिक्चरने मात्र तिच्या तोंडाला फेस आणला. घोडा सांगून होतोय तोवर माणूस नदीत पडलेला असायचा, आणि नदी सांगावी तर तो पलीकडच्या काठावर झाडावर चढलेला.

"तू तीन कोस मागे आहेस गं," सासूबाई म्हणाल्या. "सगळं सांगायला बघू नकोस. कपड्याला किती कापड लागतं तेवढंच कापतेस ना? तसं कर. घोड्याची शेपटी कुठल्या रंगाची, ते मला नको. घोडा दमलाय का, ते सांग."

टाचणी शिकली. कुठल्या क्षणी गप्प बसायचं आणि कुठे एका शब्दात काम भागवायचं, हे तिला कळायला लागलं. दुकानात गिऱ्हाइकाचं माप घेताघेता ती मनातल्या मनात त्याचं वर्णन करून बघायची. नवरा संध्याकाळी घरात शिरला की म्हणायची, "आले. डाव्या पायावर भार देतायत. आज कुठेतरी कुत्रं मागे लागलं होतं." आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

सासूबाईंचं जेवण पहिल्यासारखं झालं. डोळ्यांच्या दवाखान्यात औषध आणायला गेल्या की तिथल्या बाकावर बसून त्या सरळ जाहिरातच करायच्या. तिथे टेलिफोनवर बसणारे एक गृहस्थ होते, जन्मापासून अंध. सगळे त्यांना ऑपरेटरसाहेब म्हणत. त्यांनी विचारलं, "आजी, मी येऊ का एकदा?" ते आले. पुढच्या खेपेला त्यांच्याबरोबर दोघे आले, त्या दोघांनी चौघांना आणलं. पावसाळा संपेपर्यंत डाव्या कोपऱ्यात अकरा माणसं झाली. आता कानात कुजबुजून भागेना.

तोड काढली मशीनवाल्या काकांनी. सिनेमा चालवण्याच्या त्यांच्या खोलीला पडद्याकडे उघडणारी एक छोटी खिडकी होती. भाषा शिकवणारी एक शाळा बंद पडली होती, तिथले जुने हेडफोन त्यांनी मिळवले, वायरी जोडल्या, आणि खिडकीपाशी एका स्टुलावर टाचणीला माईक देऊन बसवलं. पहिल्या दिवशी माईक हातात आल्यावर तिने तो घाबरून दोनदा खाली ठेवला. मग खाली वाकून पाहिलं तर पहिल्याच खुर्चीवर सासूबाई, हेडफोन उलटा लावून. "सासूबाई, हेडफोन फिरवा," हेच तिचं माईकवरचं पहिलं वाक्य. अकरा जण हसले आणि तिची भीती पळाली.

सगळं असं सुरळीत चाललं असताना टाचणीने एक घोटाळा केला.

त्या दिवसांत सासूबाई नुकत्याच तापातून उठल्या होत्या. गुरुवारी पिक्चर रडायचा होता. बंदरावरच्या खानावळीत स्वयंपाक करणारी एक म्हातारी, जहाजावर नोकरीला गेलेल्या मुलीची वाट बघत असते. शेवटी जहाज येतं, माणसं उतरतात, आणि मुलगी त्यांच्यात नसते. म्हातारी रिकाम्या धक्क्याकडे बघत उभी राहते, संपलं. टाचणीने तो शेवट पाहिला, मग खाली सासूबाईंचे गळून गेलेले खांदे पाहिले आणि बोलून गेली, "आली. मुलगी आली. धावत येतेय."

खालून अकरा जणांचा सुटकेचा सुस्कारा ऐकू आला. टाचणीलाही बरं वाटलं.

सासूबाई तिचा हात धरून घरी आल्या. दाराशी चपला काढताना म्हणाल्या, "ती आली नाही ना?"

टाचणीने त्यांच्या चपला उचलून फळीवर लावायला घेतल्या.

"धावणारीची पावलं वाजली नाहीत. हाक नाही, काही नाही. म्हातारीचा एकटीचाच श्वास ऐकू येत होता. मी काय बहिरी आहे?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"अगं, वाईट वाटून घ्यायलाच जातो आपण रडायच्या पिक्चरला!" सासूबाईंचा आवाज चढला. "माझे डोळे गेलेत, काळीज शाबूत आहे. मला सोसवेल काय आणि काय नाही, ते तू ठरवणार? उद्या घरात काही झालं आणि तू म्हणालीस, सगळं ठीक आहे, तर मी विश्वास कशावर ठेवू?"

वीस वर्षांत त्या सुनेला एवढं कधी बोलल्या नव्हत्या. टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं आणि नेहमीसारखं "हूं" म्हटलं. पण पुढच्या गुरुवारी खेळ सुरू व्हायच्या आधी तिने माईक हातात घेतला.

"मागच्या वेळची मुलगी आली नव्हती. मी खोटं सांगितलं. माफ करा. पुन्हा असं करणार नाही."

बाल्कनीत खुर्च्या करकरल्या. मग ऑपरेटरसाहेबांचा टेलिफोनवरचा तो खणखणीत आवाज आला. "म्हणजे आम्ही पिक्चर अर्धाच बघितला! पुन्हा लावायला सांगा."

बाकीच्यांनीही तोच हट्ट धरला. मॅनेजरने कपाळाला हात लावला, पण पुढच्या गुरुवारी तोच पिक्चर पुन्हा लावला. या वेळी टाचणीने जसं होतं तसं सांगितलं. धक्का रिकामा. म्हातारी उभी. तिने ॲप्रनला हात पुसले, कोरडे होते तरी पुसले. अकराच्या अकरा जण पोटभर रडले आणि बाहेर आल्यावर फुटपाथवर उभे राहून, नाक शिंकरत, अगदी खुशीत चहा प्यायले. "आता कसं," सासूबाई म्हणाल्या, "आता पैका वसूल."

राहता राहिले उडायचे. त्यांना टाचणी टाळत होती. तिचं म्हणणं असं, की या पिक्चरमधल्या वस्तूंना नावंच नसतात, मग सांगायचं काय? पण सासूबाई ऐकेनात. अवकाशात अडकलेल्या एका मेकॅनिक बाईचा पिक्चर आला होता, त्याची तयारी म्हणून टाचणीने तो आधी दोनदा एकटीने बघितला. रात्रीच्या जेवणात, आंघोळीच्या पाण्याची वाट बघताना, ती शब्द शोधत राहायची. नवऱ्याने विचारलं, "काय पुटपुटतेस?" तर म्हणाली, "यान कसलं आहे ते शोधतेय."

गुरुवार उजाडला. खेळ सुरू झाला. "यान आहे," टाचणीने सांगितलं. "शिवणयंत्राच्या आतली दोऱ्याची बॉबिन असते ना, तसं. पण आपल्या अख्ख्या गल्लीएवढं." मग त्या ग्रहावरचा प्राणी आला. "वाळत घातलेला ओला रेनकोट वाऱ्यावर फुगतो, तसा. आत कुणी नाही, तरी चालतोय." एक बाई किंचाळल्या आणि लगेच स्वतःच हसल्या.

मध्यंतरानंतर यानाला भोक पडतं. मेकॅनिक बाई ते बुजवायला बाहेर पडते, तिचा हात सुटतो, आणि एकाएकी सगळा आवाज बंद. संगीत नाही, श्वास नाही, काही नाही. बाल्कनीत गडबड उडाली. "वायर गेली! काका, वायर गेली!"

"वायर ठीक आहे," टाचणी म्हणाली. "तिथे हवाच नाही, म्हणून आवाज नाही."

"दिसतं काय पण?"

"काळोख आहे सगळा."

"तो आमच्या परिचयाचा आहे," ऑपरेटरसाहेब म्हणाले, "पुढचं सांगा!"

बाल्कनी अशी हसली, की खालचे प्रेक्षक माना वर करून बघायला लागले. टाचणीलाही हसू आवरेना. मग तिने श्वास घेतला आणि पडद्याच्या अगदी कडेला दिसणाऱ्या एका गोष्टीवर नजर रोखली.

"तिच्या कमरेला दोरी आहे. लांबच लांब. दुसरं टोक यानात गेलंय. दोरी सैल आहे. लोंबतेय. म्हणजे तिकडे कुणी धरलेली नाही. ती लांब चाललीय. डोळे मिटलेत तिने. दोरी अजून सैलच." ती थांबली. कुणी हललंसुद्धा नाही. "थांबा. दोरीतला झोल कमी होतोय. कमी... कमी... सरळ झाली. ताणली! कुणीतरी ओढतंय!"

अकरा जण खुर्च्यांवरून उठले. टाळ्या, शिट्ट्या, ऑपरेटरसाहेबांनी शेजाऱ्याची टोपी उडवली. खालचे लोक चक्रावून पडद्याकडे बघत राहिले. ते मेकॅनिक बाईचा चेहरा बघत होते, कडेची दोरी त्यांच्या लक्षातच आली नव्हती. त्यांना ती वाचल्याचं कळलं तेव्हा बाल्कनीवाले टाळ्या वाजवून परत खाली बसलेसुद्धा होते.

त्यानंतर गुरुवारच्या तीनच्या खेळाला डोळस मंडळीही बाल्कनीत बसायला येऊ लागली. हेडफोन मागायची. ज्यांना दिसत नाही त्यांना आधी, हा सासूबाईंचा नियम होता आणि दाराशी काठी घेऊन त्याच तो पाळायला लावत.

गोष्ट इकडून तिकडे गेली आणि दुसऱ्या गावाहून फोन आला. तिकडच्या अंध मंडळाला असाच खेळ सुरू करायचा होता, कुठले पिक्चर दाखवावेत, याची यादी हवी होती. सासूबाई आणि ऑपरेटरसाहेब यादी करायला बसले आणि तीन आठवडे भांडले. सासूबाईंना रडायचे दहा हवे होते. ऑपरेटरसाहेब म्हणत, पळायचेच जास्त ठेवा, नवीन माणसाला आधी खुर्चीतून उडवायचं, मग रडवायचं. बंदरावरच्या म्हातारीवर दोघांचं एकमत होतं. शेवटी ब्रेलमध्ये टोचलेली यादी पाठवली ती एकवीस पिक्चरांची, प्रत्येकी सात. खाली सासूबाईंनी एक ओळ घालायला लावली: "शेवट बदलू नये."

दोन महिन्यांनी तिकडून निरोप आला. खेळ झकास चाललाय, सांगणाऱ्या बाई बस कंडक्टर आहेत, त्यांना माईक लागत नाही. एकदा बघायला या.

सासूबाईंनी त्या रात्रीच पिशवी भरली. सासू-सून दोघी बसने गेल्या. पिक्चर यादीतलाच, पळायचा, नदीवाला. टाचणी इतक्या दिवसांनी खुर्चीवर नुसती बसली होती आणि दुसरं कुणी सांगत होतं. कंडक्टरबाईंचा आवाज दणदणीत. त्या अंतरं सांगायच्या, वळणं सांगायच्या, पूल कधीचा खचलाय आणि किती माणसं पेलेल, ते सांगायच्या.

परतीच्या बसमध्ये सासूबाई खूश होत्या. "तोच पिक्चर गं, पण निराळाच होता. तिच्या सांगण्यात नदी केवढी रुंद होती!"

"आणि माझ्या?" टाचणीने जरा तिरकंच विचारलं.

"तुझ्या नदीला एवढं पाणी नव्हतं. पण काठावरच्या त्या बाईच्या झग्याला मागून ठिगळ होतं. आज ते नव्हतं."

"ठिगळ होतं! निळं! तिने सांगितलंच नाही!"

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे दोघींचं मिळून पाहिलं तेव्हा कुठे मला पूर्ण दिसला." आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या, की पुढच्या सीटवरच्या माणसाने वळून विचारलं, "आजी, कुठला पिक्चर?" मग सासूबाई पुढे सरकून बसल्या आणि घर येईपर्यंत त्यांनी त्याला तो सगळा दाखवला.